अर्धलीची कोंबडी

"धर नीट. पंख दाबून धर, न्हाईतर तोंडावर फडफडंल," तान्हूकाकी म्हणाली आणि तिनं काखेतली कोंबडी माझ्या हातात दिली.

मी ती छातीशी धरली. करड्या अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर पिसांचा लहानसा तुरा. दिसायला ऐटबाज, पण हातात घेतली तर वजन काहीच नाही. पिसांच्या आत सगळी धडधडच.

"आता ऐक," काकी आमच्या उंबऱ्यावर टेकत म्हणाली. "अर्धलीनं देतोय म्हंजे कसं, की कोंबडी माझी. अंडी तुझी. पिल्लं निघाली की अर्धी तुझी, अर्धी माझी. हिला विकायची न्हाई, कापायची न्हाई. रोगानं मेली तर मेलेली आणून दाखवायची. मुंगसानं नेली तर पिसं आणून दाखवायची. कबूल?"

"कबूल."

"आन् अंडं घातलं की वरडती लई. हत्तीण व्याल्यागत. घाबरू नगंस."

मालन, माझी धाकटी बहीण, फिसकन हसली. आई आत चुलीपाशी होती. बाहेर न येताच ती म्हणाली, "अक्का, घरात बसून खाणारी एक हाय तेवढी पुरे हाय की. दुसरी कशाला?"

"ही बसून खात न्हाई गं," काकी म्हणाली. "हिंडून खाती आन् वर अंडं देती. तुझ्या घरात असं कोण हाय सांग बघू."

आईनं फुंकणीनं जाळ फुंकला.

आमचं गाव आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून. या गोष्टीला पन्नासच्या वर वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि नागपंचमीला माहेरी आले ती परत सासरी गेलेच नव्हते. पंचमीला आलेल्या लेकीला सासरहून कुणीतरी न्यायला यायचं, ही रीत. दसरा झाला, दिवाळी झाली, कुणी आलं नाही. मीही वाट पाहत नव्हते. सासरी दाण्यागोट्याच्या खोलीला कुलूप असायचं आणि किल्ली सासूच्या कमरेला. तापातून उठल्यावर एकदा मी एक अंडं उकडून खाल्लं. सासूनं टरफलं गोळा करून अंगणात पाटावर मांडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. नवरा दारात दात घासत उभा होता. तो तसाच उभा राहिला.

वडील नव्हते. घरात आई, मी आणि मालन. भाताचा एक लहान तुकडा आणि घरामागं परडं. आई मला 'जा' म्हणाली नव्हती आणि 'राहा' असंही म्हणाली नव्हती. ताटात वाढताना मात्र तिचा हात जरासा थबकायचा. तेवढाच. पण तो थबकलेला हात मला ताटाच्या कडेवर रोज दिसायचा. मग मी ठरवलं की आपलं आपण पिकवायचं, आपलं आपण खायचं आणि कुणाच्या हाताकडं बघायचं नाही. हे मी बोलले फक्त तान्हूकाकीपाशी. ती शेजारीण; तिच्या परड्यात कोंबड्यांचा नुसता बाजार भरलेला असायचा. तिनं मला आपादमस्तक बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ही ठिपक्याची कोंबडी घेऊन आली.

पुढं मी जन्मभर बालवाडीत मुलांना शिकवलं. कोंबडीचं चित्र निघालं की मी ते बाजूला ठेवायची आणि मुलांना गोल बसवून सांगायची. कोंबडी रोज अंडं घालते, घालते, आणि एक दिवस घालायची थांबते. अंग फुगवून एका जागी बसून राहते. तिला खुडूक झाली म्हणतात. तिच्याखाली अंडी ठेवायची. मग तीन आठवडे ती उठत नाही. दिवसातून एकदा, दाणे टिपून पाणी पिऊन येण्यापुरती, की लगेच परत.

"बाई, तिला कंटाळा येत नाही?" कुणीतरी विचारायचंच.

"येत असेल. पण उठली तर अंडी गार होतात."

"आणि मांजर आलं तर?"

"तरी बसते. अंग फुगवते, गुरगुरते, पण पळत नाही. एरवी अंगणभर पळवूनही हाती लागायची नाही ती. खुडूक असली की कुणीही हात घालून उचलावी."

मुलं एवढं ऐकायची. मग एखादं म्हणायचं, "वेडीच आहे." आणि आम्ही पुढच्या चित्राकडं जायचो.

ठिपकीनं पहिल्या खेपेला सगळी अंडी उबवली. एकही वाया गेलं नाही. पिल्लं मोठी झाल्यावर तान्हूकाकी वाटणीला आली. वाटणी अशी की पिल्लं डालग्याखाली कोंडायची, आणि एक तिनं उचलायचं, एक मी. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. काकी निवडून निवडून मरतुकडी उचलत होती.

"काकी, ती बघ की, ती चांगली हाय."

"तू शिकवू नगंस मला," ती म्हणाली. "माझे डोळे गेल्यात म्हातारपणी."

तिचे डोळे कुठंही गेले नव्हते. जाताना तिनं स्वतःच्या वाट्यातल्या तलंगाही, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबड्या, माझ्याकडंच ठेवल्या. अर्धलीनंच.

वर्षभरात परडं बोलायला लागलं. सकाळी खुराड्याचं दार काढलं की सगळा घोळका पायांत यायचा. त्यांना खायला कण्या, कोंडा, भाताचं पोल म्हणजे पोकळ दाणे, वाळवी लागलेली लाकडं. काही विकत आणावं लागत नव्हतं. खुराड्यातली घाण मी वांग्यांच्या आणि दोडक्याच्या आळ्यांत घालत होते. दोडका छपरावर चढला. अंडी दुकानात देऊन मीठ, चहापूड, काड्यापेटी यायची. शेजारची पोरं अंडं उन्हासमोर धरून आतलं पिल्लू बघायला यायची, आणि मी त्यांना मूठ कशी वळायची, एक डोळा कसा मिटायचा ते दाखवत बसायची. मला वाटतं, शिकवायची गोडी मला तिथंच लागली. पोरगं आधी "कायच दिसत न्हाई" म्हणतं, आणि मग एकदम त्याचं तोंड उघडं राहतं. ते बघायला मी अजूनही कितीही वेळ थांबते.

आई परड्यात येत नसे. एकदा जेवताना म्हणाली, "वांगी बरी लागल्यात." मला त्या दिवशी झोप चांगली लागली.

मग मालनला बघायला उत्तूरकडची माणसं आली. पोहे झाले, मालनला सुईत दोरा ओवायला लावला, चालून दाखवायला लावलं. मुलाची आत्या मोठी चौकस बाई. मागच्या दारात उभी राहून तिनं परड्यात बघितलं.

"थोरली कुठं दिली म्हणालात?"

"गडहिंग्लजकडं," आई म्हणाली.

"मग त्या कोंबड्यांच्या मागं हिंडतीया ती कोण?"

"तीच. आलीया चार दिवस."

"चार दिवसांत एवढ्या कोंबड्या झाल्या व्हय?" आत्या म्हणाली आणि पदरानं वारा घेत आत गेली.

उत्तूरहून निरोप आला नाही. त्याआधी एक स्थळ असंच गेलं होतं. मालन मला काही बोलली नाही. ती माझ्याबरोबर खुराडं झाडायला यायची, ती यायची मात्र बंद झाली.

उन्हाळ्याच्या तोंडाला आजऱ्याच्या बाजारात दत्तूआप्पा भेटला आणि त्यानं आईपाशी निरोप दिला. दत्तूआप्पा म्हणजे माझं लग्न जमवणारा मध्यस्थ. सोमवारी सासरची चार माणसं येत आहेत, जेवायलाच येतील, पोरीचं काय ते एकदा नीट लावून टाकू, असा निरोप. आई बाजारातून आली ती पिशवी न ठेवताच सारवायला बसली.

"मी जायची न्हाई," मी म्हणाले.

आईचा हात शेणाच्या पाण्यात होता. "न्यायला येत्यात. न जाऊन काय करशील?"

"ऱ्हाईन."

"कुणाच्या जिवावर?"

मी परड्याकडं बोट केलं.

"कोंबड्यांच्या?" आई हसली नाही. "मानमोडी आली म्हंजे एका दिवसात माना टाकत्याल सगळ्या. मग?"

"मग परत एकीपासनं सुरू करीन. काकी देईल. ठिपकी परत बसलीया. ही पिल्लं नीट निघाली की शिंत्र्यांची यसूकाकीपण अर्धलीनं देती म्हणालीया, आन् वरच्या आळीतली कौसाबाईपण. आई, माझ्याकडं कोंबडी द्यायला आता कोण मागंपुढं बघत न्हाई."

आईनं हात थांबवला. "असं?"

"असं."

"म्हंजे गाव देत ऱ्हाणार, आन् तू हितंच ऱ्हाणार."

"व्हय. तुला मागायची न्हाई काय. हवं तर परड्यात खोपट घालून वेगळी ऱ्हाते."

तिनं परत सारवायला घेतलं. एकाच जागेवरून तिचा हात पुन्हा पुन्हा फिरत राहिला. मग म्हणाली, "पाहुण्यांना जेवायला काय घालायचं, तेवढं तरी सांग."

"दोन नर बांधून ठेवते. माझ्या वाट्यातले. ते काप."

सोमवारी सकाळी मी ते दोन कोंबडे पायाला सुतळी बांधून पेरूच्या झाडाला अडकवले. ठिपकीच्या डालग्यावर पोतं टाकलं, तिला हाताखालूनच थोडं पाणी पाजलं. पिल्लं निघायला दोनतीन दिवसच उरले होते. कानाशी अंडं धरलं तर आतून अगदी बारीक टकटक ऐकू यायची. आई म्हणाली, पीठ नाही, खालच्या वाडीच्या गिरणीवर जाऊन ये. मी डोक्यावर पाटी घेऊन गेले. गिरणीवर गर्दी होती.

परत आले तर मसाल्याचा वास दारापर्यंत आलेला. मी पाटी उतरवली आणि पेरूखाली बघितलं. दोन्ही कोंबडे जागच्या जागी. एक मातीत अंग घुसळत होता, दुसरा सुतळीला टोच्या मारत होता.

मी डालग्याकडं गेले. पोतं बाजूला पडलं होतं. डालगं उचललं. गवतात अंडी होती, ठिपकी नव्हती.

"आई," मी चुलीपाशी जाऊन म्हणाले, "कुठली कापलीस?"

ती खोबरं वाटत होती. "हाताला आली ती."

"नर बांधले होते की झाडाला."

"पाहुणे येणार. धावपळ माझी. हाताला आली ती कापली."

मला वाटलं, चूक झाली. आईला पहिल्यापासून कोंबड्यांतलं काही कळत नव्हतं. घाईत तिनं डालग्यात हात घातला असेल, आणि ठिपकी पळाली नसेल. ती पळणारच नव्हती. अंडी अजून कोमट होती. मी ती पदरात घेतली, कोंड्याच्या मडक्यात ठेवली आणि मडकं चुलीच्या मागं ठेवलं. तलंगांतली एखादी त्यांवर बसते का पाहिलं. एकही बसली नाही. त्यांची बसायची वेळ आली नव्हती.

"काकीला काय सांगायचं?" मी मालनला विचारलं.

मालन कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

माणसं आली ती ऊन डोक्यावर आल्यावर. सासरे, दत्तूआप्पा आणि सासऱ्यांचे भावकीतले दोघे. नवरा नव्हता. आई म्हणाली, "जावई?" दत्तूआप्पा म्हणाला, "त्याला काम निघालं," आणि थेट पाटावर बसला.

मालननं वाढलं. मी आत भाकऱ्या थापत होते, त्यामुळं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"कोंबडी जून हाय वैनी," दत्तूआप्पा म्हणाला. "पण रस्सा, वा. रस्सा फक्कड झालाय."

"घरचीच," आई म्हणाली. "थोरलीनं पाळलीया. हात हाय तिला. तुमच्याकडंपण पाळंल की."

सासरे हाड चोखत होते. त्यांनी नुसतं हुं केलं. भावकीतल्या एकानं भाकरी मागितली. मी टाकली. तव्यावर हात भाजला, तरी तेवढ्यात मी मनाशी हिशेब करत होते की बोलवतील तेव्हा बाहेर कसं जायचं आणि 'येणार नाही' हे कसं म्हणायचं. त्या मडक्याकडं मी बघत नव्हते.

जेवणं झाली. चूळ भरून झाली. आईनं पानाचं तबक पुढं केलं आणि म्हणाली, "मग आजच नेताय नव्हं? तिचं गाठोडं बांधूनच ठेवलंय."

मी आत होते. माझं गाठोडं बांधलंय हे मला तेव्हा कळलं. कोपऱ्यात होतं खरंच. गिरणीवर गेले तेव्हा बांधलं असणार.

मग दत्तूआप्पा पानाला चुना लावत म्हणाला, "वैनी, त्याचं असं झालं. पोरानं दुसरी केलीया. माघातच. आता ती घरात हाय, तिला दिवस गेल्यात. तर आम्ही म्हटलं, हिचं अडकून नगं. चार माणसांत काडी मोडून मोकळं व्हावं. आन् डोरलं आमच्या घरचं हाय, ते तेवढं माघारी द्यावं."

आई उभीच होती. तबक तिच्या हातात होतं. ती म्हणाली, "मग जेवायच्या आधी का न्हाई सांगितलंत?"

"उपाशीपोटी असलं कसं बोलायचं, वैनी?" दत्तूआप्पा म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं.

मी बाहेर आले. माझं बोलणं तयार होतं, पण ते आता कुणाला ऐकवायचं नव्हतं. गळ्यातून डोरलं काढलं आणि सासऱ्यांच्या पुढं, पाटावर ठेवलं. त्यांनी ते उचलून टोपीच्या घडीत घातलं. काडी मोडायला गवताची काडी हवी होती. दत्तूआप्पा मागच्या दारानं परड्यात गेला आणि समोर दिसलं त्या डालग्यातलं गवत ओढून आणलं. सासऱ्यांनी एक टोक धरलं, मी एक. काडी मोडली. भावकीतले दोघे म्हणाले, "झालं." असं ते संपलं. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला आत कुठंतरी हलकं वाटलं. आता कुणी न्यायला येणार नाही. आता फक्त मी आणि माझं परडं.

ती माणसं अंगणात पायताणं घालत होती, तेव्हा तान्हूकाकी आली. तिच्या मुठीत पिसं होती. करडी, पांढऱ्या ठिपक्यांची. उकिरड्यावरून उचलून आणली होती.

"ही कुणाची?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता.

तिनं मूठ पुढं केली.

"अर्धलीची कोंबडी कापली तुम्ही. ती बी खुडूक बसलेली. अंड्यांवरची." ती एकेकीकडं बघत म्हणाली. "आजवर ह्या गावात असं कुणी केलं न्हाई. कुणी कापली?"

मी तोंड उघडलं. मी सांगणार होते की चूक झाली, घाई होती, मी भरून देईन. त्याआधी आई बोलली.

"हिनं कापली," आई म्हणाली.

मी आईकडं पाहिलं. तिनंही माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. ती मागत होती. दारात मालन उभी होती, पाहुण्यांची खरकटी ताटं हातात घेऊन.

"मी नगं नगं म्हणत हुतो अक्का," आई म्हणाली. आता ती थांबेना. "पण ही ऐकतीया कुणाचं? आपल्या मनाचंच करायचं. अशी हाय म्हणून तर नांदली न्हाई."

अंगणात पायताण घालता घालता सासरे थांबले. दत्तूआप्पा त्यांच्याकडं बघून म्हणाला, "बघा. घरचंच माणूस सांगतंय." मग ते चौघे गेले.

काकी माझ्याकडं बघत होती. मी काही बोलते का, याची वाट बघत असावी. मी बोलले नाही.

"बरं," ती म्हणाली. "मग रीत काय ती तुला ठावं हाय."

रीत मला ठाऊक होती. अर्धलीची कोंबडी जिनं कापली, तिचा वाटा बुडाला. आणि पुन्हा गावात तिला कुणी जनावर अर्धलीनं देत नाही, कोंबडी नाही, शेळी नाही. मी परड्यात गेले. तिन्हीसांजेच्या आत कोंबड्या पकडणं सोपं नसतं, पण माझ्या मला बोलवल्यावर यायच्या. मी नेहमीसारखी जिभेनं टकटक केली, आणि त्या आल्या. एकेक उचलून, पंख दाबून, काकीच्या हातात दिली. काकी त्यांचे पाय बांधून पाटीत ठेवत गेली. पेरूखालचे दोन कोंबडे सोडले तेव्हा ती म्हणाली, "हे असू देत तुला."

"नगं," मी म्हणाले. "न्या."

मडक्यातल्या अंड्यांमधली टकटक दिवस मावळेपर्यंत थांबली होती.

परडं रिकामं झाल्यावर मी चुलीपाशी येऊन बसले. मालन शेजारी भांडी घासायला गेली होती, की मुद्दाम गेली होती, कोण जाणे. आई राख पुढं ओढत होती.

"नर दिसले न्हाईत तुला?" मी विचारलं.

"दिसले."

"मग?"

"नर कापले असते तर तू त्या माणसांपुढं 'जायची न्हाई' म्हणाली असतीस. मागं बघून म्हणाली असतीस. त्या डालग्याकडं." ती राखेशीच बोलत होती. "तूच व्हय म्हणालीस, गाव देत ऱ्हाणार. मला ते बंद करायचं हुतं."

"म्हंजे ठरवून."

"मला काय ठावं, ते असले मेले यायचेत म्हणून? मी तर तुला नांदायला धाडत हुतो." तिचा आवाज फाटला, मग तिनं तो सावरला. "दोन लेकींना म्हातारपणापतोर घरात ठेवायला न्हाई जमत, वच्छे. एकीचं तरी लागायला पायजे."

"आन् माझं नाव का घेतलंस?"

"माझं घेतलं असतं तर घराला लागलं असतं. मग मालनला कोण करून घेणार? तुझं काय..." तिनं लाकूड आत सारलं.

आजऱ्याला तेव्हा नवी बालवाडी निघत होती आणि तिथं मुलांना जमवून आणायला, त्यांची नाकं पुसायला, गाणी शिकवायला एक बाई हवी होती. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी माझं नाव सांगितलं. आठवड्याच्या आत मी निघाले. गाठोडं आईनं बांधलेलंच होतं. दाराशी ती म्हणाली, "जपून ऱ्हा." मी हो म्हणाले. मालननं माझे हात धरले आणि ती रडली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, आणि सासर चांगलं मिळालं. ते बरंच झालं. तिच्याविषयी माझ्या मनात कधी काही आलं नाही.

एसटी रस्त्यावर थांबते, गावात येत नाही. मी रस्त्याकडेला उभी होते. तान्हूकाकी गवताचा भारा घेऊन रानातून येत होती. मला बघून तिनं भारा टाकला आणि शेजारी येऊन बसली.

"चाललीस?"

"व्हय."

"आजऱ्याला?"

"व्हय."

थोडा वेळ ती पायातला काटा बघत बसली. मग म्हणाली, "तू न्हाई कापलीस ती. मला ठावं हाय."

मी वळून तिच्याकडं पाहिलं.

"खुडूक बसलेल्या कोंबडीला तू हात लावशील व्हय? एवढं न कळायला मी काय येडी हाय? पिसं बघितली तवाच कळलं, कुणी कापली ती."

"मग त्या वक्ताला का न्हाई बोललीस? सगळ्यांपुढं?"

"काय बोलू?" काकी म्हणाली. ती चिडली नव्हती; मला समजावून सांगत होती, मी लहान पोरांना सांगते तसं. "तुझ्या आईला ह्याच गावात मरायचंय. तिला दारोदार तोंड दाखवायचंय, मालनचं लगीन लावायचंय. तिचं नाव गेलं तर तिनं करायचं काय? तू काय, जाणारीच हुतीस."

"कुठं?" मी विचारलं.

तिनं रस्त्याच्या वरच्या वळणाकडं पाहिलं. एसटी अजून दिसत नव्हती. मग तिनं भारा उभा केला, त्याच्याखाली डोकं घातलं, आणि उठता उठता म्हणाली, "ते आता तुझं तू बघ, बाई."